रानातला वाख: केळ, केवण, अननस यांचं विणकाम आणि भरतकाम (गोवा)

कुळागर

भिंतीवर लावायचं विणलेलं आणि वर भरलेलं चित्र, साधारण ४५ × ६० सेंमी, गोव्यात मिळणाऱ्या वाखातून (झाडांच्या खोड-साल-पानांतल्या तंतूंतून) कसं करायचं यासाठी हा चर्चेचा धागा. बाणा (आडवा धागा) आणि भरतकाम रानातलं, ताणा (उभा धागा) मात्र सुती. ताणाही वाखाचाच हवा असा हट्ट पुष्कळांचा असतो. पण वाख जोडताना जागोजागी गाठी येतात, फणी मागेपुढे होताना त्या गाठींवर घासते आणि तार तुटते. हात बसेपर्यंत सुतीच ठेवा.

केळीपासून सुरुवात करू. घड उतरवला की खोड तसंही आडवंच करायचं असतं, त्यामुळे झाडाचं नुकसान नाही. खोड पाडल्यावर दोन दिवसांच्या आत वाख काढा. उशीर झाला की सोपटातला (खोडाच्या एकावर एक थरांतला) रस काळपट होतो आणि तो डाग पुढे सोड्यानं जात नाही, उन्हानंही नाही. बाहेरची दोन-तीन सोपटं तपकिरी, त्यांचा वाख राठ. मधली पांढरट सोपटं सगळ्यांत चांगली. गाभ्याला लागून असलेली सोडून द्या, तो वाख दिसतो मऊ पण ओढला की तुटतो. गाभ्याची भाजी करा.

सोपटाचे ७५ ते ९० सेंमी लांब आणि ५-६ सेंमी रुंद पट्टे करायचे. आतली बाजू वर येईल असा पट्टा फळीवर ठेवायचा, एक टोक पायाखाली किंवा खिळ्याला दाबून धरायचं आणि बोथट सुरी जवळजवळ उभी धरून गर ओढत काढायचा. वाख बाहेरच्या सालीलगत असतो, म्हणून आधी आतून जोर लावायचा, मग पट्टा उलटून वरची साल हलक्या हातानं. धारदार सुरी नकोच, ती गराबरोबर वाखही कापते. स्टीलच्या जाड पट्टीची कड कानसून बोथट केली तर सुरीपेक्षा बरी.

काढला की लगेच धुवायचा, पाणी नितळ येईपर्यंत. राहिलेला गर सुकताना तंतू एकमेकांना चिकटवतो आणि पावसाळ्यात बुरशी त्याच्यावरच धरते. सावलीत दोरीवर वाळवा, अर्धवट ओला असताना मोठ्या दातांच्या फणीनं विंचरा. ताज्या खोडाच्या वजनाच्या एक टक्का वाख हाती आला तरी चांगलं म्हणायचं. त्यामुळे एका खोडावर मोठं काम आखू नका.

अबोलीचे वळेसर (गजरे) बांधतात तो केळीचा दोरा यात धरू नका. ती सुकलेल्या सोपटाची चिरलेली पट्टी असते, भिजवून वापरतात. गाठ छान धरते, पण वाळली की ठिसूळ.

काणकोणकर

केळ सोपी आहे, पण दणकटपणा हवा तर केवण. म्हणजेच मुरुडशेंग. चवथीला (गणेश चतुर्थीला) माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायचा फळाफुलांचा मांडव, बांधायला जिची साल वापरतात तीच.

पाऊस असताना साल हातानं सुटते, कारण झाड वाढत असतं आणि सालीखालचा थर रसरशीत असतो. पाऊस ओसरला की साल लाकडाला घट्ट बसते. मग ती तासून काढावी लागते आणि तुकडे पडतात. तेव्हा केवणीचं काम आषाढ ते भाद्रपद.

अंगठ्याएवढ्या जाडीचे सरळ, फांद्या न फुटलेले फोक निवडा. फांदी फुटते तिथे सालीला भोक पडतं आणि पुढे वाख नेमका तिथेच तुटतो. जमिनीपासून वीतभर वर तिरका काप द्या, बुंध्याला पुन्हा धुमारे येतात. एका झुडपाचे सगळे फोक काढायचे नाहीत, तिसरा हिस्सा पुरे. पानांना आणि कोवळ्या फोकांना बारीक लव असते, ती खाजते. पूर्ण बाह्यांचा सदरा आणि हातमोजे घाला.

लगेच बांधणीला वापरायची असेल तर वरची खरखरीत तपकिरी साल खरवडून आतली पट्टी घ्यायची, तेवढं पुरतं. विणायला मऊ वाख हवा असेल तर कुजवावी लागते. सालीच्या जुड्या करून ड्रममध्ये पूर्ण बुडतील अशा दगडाखाली दाबायच्या. उघडा राहिलेला भाग कुजत नाही, काळा पडतो. चार-पाच दिवसांनी अर्धं पाणी बदलायचं. आठव्या दिवसापासून रोज एक पट्टी काढून बोटांत चोळून पाहा. थर एकमेकांवरून सरकून सुटे झाले की झालं. बहुधा दोन ते तीन आठवडे लागतात, पाणी कोमट असेल तर कमी.

इथेच बहुतेकांचं काम बिघडतं. पाण्यातले जीवाणू आधी तंतूंना जोडणारा चिकट भाग खातात, तो संपला की तंतूलाच लागतात. चार दिवस जास्त राहिलं तर वाख दिसायला सुरेख, पांढरा होतो आणि पीळ देताना पटापट तुटतो. वास येतो म्हणून घाईनं काढला तर उलट थर सुटत नाहीत आणि वाख पट्टीसारखा ताठ राहतो. आणि गावच्या तळीत किंवा ओहोळात जुड्या टाकू नका. कुजवणीचं पाणी प्राणवायू खातं, मासे मरतात. ते पाणी माडाच्या आळ्यात ओता.

दुसरं, आणि हे आधीच सांगायला हवं. म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव, मोले, बोंडला ही अभयारण्यं आहेत. तिथून पान उचलणंसुद्धा १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली अडचणीचं. कांदळवनाची साल रंगाला चांगली असं कोणी सांगितलं तरी तिकडे जायचं नाही. कोमुनिदादच्या (गावच्या सामायिक) किंवा भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जमिनीत विचारून जा. रस्त्याकडेला झुडपं साफ करतात तेव्हा केवण ढिगानं पडलेली असते, ती सगळ्यांत निर्धोक.

नवी_सुई

हा वाख सुईत ओवून साखळी टाका घातला की चार टाक्यांत पिंजून जातो. मेण लावूनही तेच. सुई बदलायची की वाख?

टाका_दोरा

दोन्ही नाही, टाका बदला. वाखाला पीळ नसतो, तंतू नुसते शेजारी शेजारी पडलेले असतात. नेढ्यात तो एकाच जागी दुमडतो आणि दर टाक्याला कापडाच्या भोकातून घासत जातो. सुती दोऱ्यात पीळ तंतूंना धरून ठेवतो, इथे धरणारं कोणी नाही. साखळी टाक्यात आणि गाठीच्या टाक्यात तर वाख तीव्र कोनात वळतो, तिथे मोडणारच. वाख कापडावर ठेवायचा आणि बारीक सुती दोऱ्यानं वरून बांधायचा. जरीचं काम करणारे कलाबतू असाच बसवतात.

कापड जाड मादरपाट (साधं सुती कापड). आधी गरम पाण्यात धुऊन आटवून घ्या, नाहीतर नंतर ओलसर वाखानं ते आटतं आणि चित्राला सुरकुत्या पडतात. गोल रिंगपेक्षा चौकोनी चौकट बरी, रिंगमध्ये बसवलेला वाख चेपला जातो.

केळीचे ८-१० तंतू एकत्र, हलके ओलसर. एकेरी सुती दोऱ्याचा आडवा टाका, सरळ रेषेत दर ४ मिमीवर, वळणावर दर २ मिमीवर. टाका वाखाला मिठी मारेल एवढाच ओढा. जास्त ओढला तर वाखाला कंबर पडते आणि वाळल्यावर ती जागा चमकते. भराव करताना शेजारच्या ओळीतले टाके चिऱ्यांच्या भिंतीसारखे एकाआड एक यायला हवेत. एकाखाली एक आले तर आडवी रेघ दिसते आणि डोळा चित्र सोडून तिच्याकडे जातो. तशी रेघ मुद्दाम हवी असेल, उदाहरणार्थ शेताचा बांध दाखवायला, तर गोष्ट वेगळी.

टोकं: १८ नंबरच्या मोठ्या नेढ्याच्या सुईनं भोक पाडायचं, सुईत दुमडलेल्या दोऱ्याचा फास घ्यायचा, त्या फासात वाखाचं टोक अडकवून मागे ओढायचं. म्हणजे वाख नेढ्यात जातच नाही. मागे दीड सेंमी टोक ठेवून दोन टाक्यांनी पक्कं करा. डिंक नको, पावसाळ्यात तो ओला होतो आणि झुरळं येतात.

सुईत ओवायचाच असेल तर अननस. तोही २५-३० सेंमीहून लांब नाही, आणि नुसते सरळ लांब टाके. गवत, पाऊस, पिसं यांना शोभतो.

कुळागर

अननसाबद्दल थोडं. फळ काढल्यावर जी पानं फेकतात त्यातली लांब, निरोगी निवडायची. काटे असलेल्या कडा सुरीनं उतरवा. पान फळीवर ठेवून चिनीमातीच्या बशीच्या कडेनं खरवडायचं. आधी वरचा जाड वाख सुटतो, तो उचलून घ्यायचा, मग खालचा बारीक रेशमासारखा. खालच्यासाठी करवंटीची घासून गुळगुळीत केलेली कड वापरा, बशीनं तुटतो. फिलिपिन्समध्ये पिन्या कापडाचा वाख असाच काढतात. तिथल्या आक्लान प्रांतातलं हे विणकाम २०२३मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं. आपल्याकडे हेच झाड पोर्तुगीजांबरोबर आलं, पण आपण फळापाशी थांबलो.

मागवाली

विणकामाचं मी सांगते. चौकटीच्या मागावर जाड सहापदरी सुती ताणा, इंचाला ८ तारा. याहून दाट केला तर वाख ताण्याखाली झाकला जातो आणि मग एवढी मेहनत कोणाला दिसणार?

सुरुवात आणि शेवट ३ सेंमी साध्या सुती बाण्यानं विणा. मध्ये वाखाचा एक फेरा, मग सुती बाण्याचे दोन फेरे, पुन्हा वाख. वाख गुळगुळीत असतो, नुसता वाखच विणला तर फेरे घसरतात आणि चौकटीवरून उतरवल्यावर वीण हलते. मधले सुती फेरे त्याला कुलूप लावतात.

कडा आत येणं ही नेहमीची तक्रार. बाणा ताण्याच्या वरून-खालून जातो, त्याला वळणं घ्यायला जास्तीची लांबी लागते. सुती दोरा थोडा ताणून ती लांबी काढतो, वाख ताणत नाही, म्हणून तो कडांनाच आत ओढतो. उपाय: वाख आडवा सरळ न टाकता तिरका टाका, एका कडेला वीणेला टेकलेला आणि दुसऱ्या कडेला ७-८ सेंमी वर. मग फणीनं मधून सुरुवात करून कडांकडे बसवा. दर ५ सेंमीला पट्टीनं रुंदी मोजा. नजरेवर भरवसा ठेवला तर ४५ची रुंदी वर जाईपर्यंत ४० होते.

वाख कोरडा विणू नका, मोडतो. बुडवूनही नको. ओल्या पंच्यात तासभर गुंडाळून ठेवलेला पुरे. ओला वाख फुगलेला असतो आणि वाळल्यावर बारीक होतो, म्हणून दाट वाटलेली वीण दुसऱ्या दिवशी सैल दिसते. तळहाताच्या रुंदीएवढं विणा, रात्रभर वाळू द्या, पुन्हा ठोका, मग पुढे.

केवणीचा वाख सुट्टा न विणता दोन पदरी दोर वळून वापरा. दोन्ही पदरांना एकाच दिशेनं पीळ, मग उलट दिशेनं एकमेकांवर. नवा वाख जोडताना दोन्ही पदर एकाच जागी संपू देऊ नका, निदान चार बोटांचं अंतर ठेवा. दोन जोड एका जागी आले की दोर तिथूनच उसवतो.

नवी_सुई

मागवालीताई, माडाच्या झावळीच्या बुडाशी जाळीदार तपकिरी कापडासारखं असतं, ते वापरता येईल का?

मागवाली

येईल, आणि ते विणावंही लागत नाही. पाडेली (नारळ पाडणारा) माड साफ करताना खाली टाकतो तेच. साबणाच्या पाण्यात रात्रभर भिजवा, ब्रशनं धुवा (आत माती, मुंग्या, कधी अंडी असतात), ओलं असतानाच दोन फळ्यांमध्ये वजनाखाली वाळवा. वाळलं की कडकडतं, म्हणून त्यावर भरताना पाण्याचा फवारा मारत राहा. मागे मादरपाटाचं अस्तर हवंच, सगळे टाके अस्तरात धरले पाहिजेत. नुसत्या जाळीवर टाका ओढला की तंतू सरकून भोक मोठं होतं.

हिरडा_हिराकस

रंगाचं राहिलं. सगळं प्रमाण १०० ग्रॅम सुक्या वाखाला.

आधी धुणं. ४ लिटर पाण्यात ८ ग्रॅम धुण्याचा सोडा, मंद आचेवर ४० मिनिटं. पाणी चहासारखं होतं, तसं व्हायलाच हवं. धुऊन घ्या. मग हिरडा: २० ग्रॅम पूड रात्रभर भिजवून गाळून घ्या, त्या पाण्यात वाख ८ ते १२ तास. पिळा, धुऊ नका. मग तुरटी १५ ग्रॅम गरम पाण्यात विरघळवून त्यात २ ग्रॅम सोडा हळूहळू (फसफसतं, भांडं मोठं घ्या), वाख पुन्हा रात्रभर. वनस्पतीच्या तंतूवर तुरटी एकटी नीट बसत नाही, हिरड्यातलं टॅनिन तिला जागा करून देतं. हिरडा वगळून थेट तुरटी लावणाऱ्यांचा रंग दुसऱ्या धुण्यात निघतो तो यामुळे.

पिवळा: दसऱ्यानंतर देवळांतून झेंडूचे हार उतरतात ते मागून घ्या. ताजी फुलं ३०० ग्रॅम किंवा सुकी १०० ग्रॅम, तासभर उकळून गाळायची. वाख घातल्यावर मात्र उकळू द्यायचं नाही, वाफ येत राहील एवढंच. तपकिरी: ऐनाची साल, पण पडलेल्या किंवा तोडलेल्या लाकडाची, उभ्या झाडाची नाही. काळपट करडा: हिरडा लावलेला वाख २ ग्रॅम हिराकसाच्या (लोहाच्या क्षाराच्या) पाण्यात १० मिनिटं. काळा गडद होईना म्हणून हिराकस वाढवू नका. लोह तंतूला कुरतडतं, वर्ष-दोन वर्षांत वाख भुगा होऊन गळतो. गडद हवा तर हिरड्यात दुसऱ्यांदा बुडवा, मग पुन्हा तेवढंच हिराकस.

लाल: कुणबी साडीच्या चौकडीसारखी लाल रेघ बऱ्याच जणांना हवी असते. मंजिष्ठा, ५० ते १०० ग्रॅम पूड, आच अगदी मंद. पाणी तापून उकळीकडे गेलं की लाल जाऊन विटकरी-तपकिरी उरतो. पावसाचं पाणी वापरत असाल तर चुन्याची निवळी चमचाभर घाला, मंजिष्ठेला थोडा चुना मानवतो.

पाणी तपासा. जांभ्यातल्या विहिरीच्या पाण्यात लोह असलं की पिवळा शेवाळी होतो आणि माणूस फुलांना दोष देत बसतो. ग्लासभर पाण्यात चिमूटभर हिरडा टाका. थोड्या वेळात पाणी निळसर-करडं झालं तर लोह आहे. मग पागोळीचं पाणी धरा, मंगलोरी कौलांवरचं चालेल, गंजक्या पत्र्यावरचं नाही.

सांजवेळ

एवढा उपद्व्याप कशाला? भिरंडाचं (कोकमाचं) आगळ किती सुंदर लाल असतं! फुकट आणि अस्सल गोंयचं.

हिरडा_हिराकस

सोलकढीत सुंदर. वाखावर पहिल्या दिवशीही सुंदर. तो रंग आंबट पाण्यात लाल राहतो, साबण लागला की निळसर-करडा होतो आणि उजेडात काही आठवड्यांत मळकट. तुरटीनं फरक पडत नाही. हळद आणि पारिजातकाचे देठ यांचीही तीच गत, उजेड सोसत नाहीत. विश्वास नसेल तर रंगवलेला वाख पुठ्ठ्यावर गुंडाळा, अर्ध्यावर दुसरा पुठ्ठा बांधा आणि दोन आठवडे खिडकीत ठेवा. कोणताही नवा रंग चित्रात घेण्याआधी एवढं केलंच पाहिजे.

काणकोणकर

आणखी दोन वस्तू. रानजोंधळा (कसई) शेताच्या पाणथळ कडेला येतो, त्याचे करडे-पांढरे चकचकीत दाणे म्हणजे आयते मणी. आतला देठ ओढून काढला की आरपार भोक, सुई सरळ जाते. पूर्ण पिकलेलेच घ्या, हिरवे वाळून सुरकुततात. गुंजा मात्र भरतकामात नको. रंग कितीही मोहवो, भोक पाडताना निघणारी पूड आणि फुटलेला दाणा दोन्ही विषारी. घरात लहान मूल असेल तर नकोच नको.

केवणीच्या पिळदार शेंगाही टाचता येतात. आत कीड असते, म्हणून आधी पिशवीत बांधून चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवा.

रुईचं झाड दिसलं आणि खोडाचा वाख काढावासा वाटला, तर चीक डोळ्यात जाणार नाही याची काळजी घ्या, डोळ्याला गंभीर इजा होते. आणि सावरीचा कापूस कातायचा नाद सोडा. तंतू आखूड, मेणचट, सरळ, एकमेकांना धरतच नाहीत. उशीत भरा.

सांजवेळ

बरं, भिरंड सोडलं. पण तयार झालेलं चित्र जून-जुलैत भिंतीवर टिकतं का? काचेखाली घातलं तर?

टाका_दोरा

काच लावा, पण वाखाला टेकवू नका. मध्ये १ सेंमीची लाकडी पट्टी हवी. टेकली की काचेच्या आतल्या बाजूला ओल धरते आणि बुरशीचे ठिपके नेमके तिथेच येतात. चौकटीला मागून प्लायवूड ठोकून बंद करू नका, जाड कागद लावा आणि खालच्या कडेला दोन छोटी भोकं ठेवा, जाळी लावून. पावसाचा मारा घेणाऱ्या भिंतीवर टांगू नका. आतल्या भिंतीवरही मागे वरच्या-खालच्या कोपऱ्यांत बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे हवा खेळते. ठिपके आलेच तर कोरड्या दिवशी बाहेर काढून मऊ ब्रशनं झाडा, नाकाला रुमाल बांधून. मग स्पिरिटचा बोळा हलकेच, आधी कोपऱ्यातल्या रंगावर तपासून.

मागवाली

चौकटीचं लाकूडही पाहून घ्या. आंब्याचं स्वस्त मिळतं, पण त्याला भुंगेरे लागतात आणि ते चौकट पोखरतात. सागाचं किंवा फणसाचं घ्या. न वापरलेला वाख सुती पिशवीत, प्लास्टिकमध्ये नाही, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या कडक उन्हात एकदा पूर्ण उलगडून वाळवा.